मत पडल्यावर दाराशी गेले तेव्हा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये आमच्याच तालुक्यातल्या एका काकांचं पत्र होतं, की नगरसेवक निवडणुकीत दिसतात आणि वाढदिवसाच्या बॅनरवर दिसतात, बाकी पाच वर्ष दिसतच नाहीत. त्यांनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं, पण मला ते मलाच लिहिलंय असं वाटलं आणि चार दिवस डोक्यातून जाईना. घरातले म्हणाले सोड ना, कशाला मनाला लावून घेते. नाही सोडता आलं. म्हणून रात्री सगळं आवरल्यावर मोबाईलवर हे टाईप करतेय, शुद्धलेखन तुम्ही सांभाळून घ्या, लांबलं तर कापा, पण पाण्याचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी जळगाव जिल्ह्यातल्या गिरणेच्या पट्ट्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत नगरसेविका आहे. बचत गटातून आले, बिबडे-पापडाचा आमचा गट होता, त्यातून बायकांची कामं घेऊन पालिकेत जायला लागले आणि २०१६ ला पहिल्यांदा उभी राहिले, निवडून आले. ती टर्म संपली तेव्हापासून पुढे निवडणूकच नाही, जवळपास चार वर्ष प्रशासक. मग २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं आणि मी परत निवडून आले. गावाचं आणि पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की वाचणारा आधी पक्ष बघतो आणि मग ठरवतो की खरं मानायचं की खोटं, आणि मी जे सांगतेय ते कोणत्याही पक्षात असंच आहे.

आधी प्रचाराचं सांगते. आमच्याकडे एका प्रभागात दोन नगरसेवक आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून, म्हणजे एका माणसाला तीन मतं. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या रात्री मिळाला, तोपर्यंत आपण उभे आहोत की नाही हेच माहीत नव्हतं, आणि त्याच्यानंतर जे सुरू झालं ते वादळासारखं. सकाळी सहाला रिक्षावर भोंगा सुरू, अहिराणी गाण्यांच्या चालीवर आपलं नाव, रोज पदयात्रा, गल्लीत कॉर्नर सभा, रात्री मीटिंग, मग उद्याचे स्टेटस कोणते ठेवायचे त्याचे मेसेज. एका दिवसात अडीचशे तीनशे घरं करायची असं टार्गेट होतं. तुम्हीच हिशोब करा, एका घराला किती वेळ येतो. दारात उभं राहायचं, हात जोडायचे, पत्रक द्यायचं, आजीच्या पाया पडायचं, मागून पोरं घोषणा देताहेत, फोटो निघाला की पुढचं घर. कोणी म्हणालं की ताई जरा गटारीचं बघा, तर मी हो म्हणायचे आणि मागचा माणूस ढकलायचा, चला चला उशीर होतोय. मी एक छोटी वही ठेवली होती ज्यात लोकांचं लिहून घ्यायचं ठरवलं होतं, पहिल्या तीन दिवसांनंतर त्या वहीत फक्त घरातली मतं किती आणि कोणाकडे झुकलेत एवढंच लिहिलं जायला लागलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

शेवटची मोठी सभा झाली तेव्हा वरून नेते आले होते. मैदान भरलं होतं, बायका दुपारपासून येऊन बसलेल्या. पाऊण तास भाषण झालं, देशाचं झालं, राज्याचं झालं, समोरच्या पक्षानं काय केलं ते झालं, कोणी कोणाला गद्दार म्हणालं ते झालं. आमच्या गावात पाणी किती दिवसांनी येतं ते एकदाही बोलले नाहीत. मी स्टेजवर होते, माझ्या समोर पहिल्या रांगेत शेवटच्या गल्लीतल्या बायका बसलेल्या होत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला मान वर करता येत नव्हती. पालिकेची निवडणूक पाण्याची, गटारीची, दिव्याची, दवाखान्याची आणि मुलींच्या शाळेच्या रस्त्याची असते, मग तिथे येऊन हे का बोलत नाहीत? यांना कोणी सांगत नाही का की आधी गावात दोन तास फिरा आणि मग माईक हातात घ्या? मी नंतर पक्षातल्यांना विचारलं तर म्हणाले ताई, तसं भाषण केलं तर टाळ्या येत नाहीत. मला नाही पटत. आमच्या गावात पाण्यावर कोणी पाच मिनिटं जरी खरं बोललं असतं तर त्या बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

आता खरं जे सांगायचंय ते. मतदान २ तारखेला झालं आणि मोजणी ३ ला होती. पण मतदानाच्याच दिवशी बातमी आली की हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलंय, काही ठिकाणचं मतदान २० तारखेला आहे तर सगळ्यांचा निकाल २१ डिसेंबरलाच लावा. म्हणजे मधले अठरा दिवस मतं मशीनमध्ये बंद, निकाल नाही, आचारसंहिता चालूच. आमची पोरं कडाक्याच्या थंडीत स्ट्राँग रूमच्या बाहेर शेकोटी करून बसायची, पाळीपाळीनं. बाकी सगळे उमेदवार गायब, कोणी देवदर्शनाला गेलं, कोणी झोपून दिवस काढले. मला घरात बसवेना. तिसऱ्या चौथ्या दिवशी ती वही घेतली आणि एकटीच निघाले, ना गळ्यात पक्षाचं उपरणं ना मागे पोरं, कोणाला काही द्यायचं नाही आणि कोणाकडून काही मागायचं नाही. आचारसंहिता होती म्हणून आश्वासन पण देता येत नव्हतं, ते एक बरंच झालं. फक्त बसायचं आणि ऐकायचं.

पहिल्यांदा लोकांना कळेचना की ही आता कशाला आली. एका घरी तर भाऊ म्हणाले, ताई मतदान झालं ना, आम्ही दिलं तुम्हालाच. मी म्हटलं ते राहू द्या भाऊ, मला चहा द्या आणि नळाचं सांगा. मग ते बसले आणि एक तास बोलले.

प्रचारात प्रत्येक दारात 'हो ताई, तुम्हालाच' ऐकलं होतं, आता त्याच दारात लोक खरं बोलायला लागले. शेवटच्या गल्लीतली एक म्हातारी माय, मी तिला लहानपणापासून ओळखते, तिनं मला खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "माय, मत ते दी टाकं, आते खरं सांगू का तुले? आमना नळले पानीच येत नही, ज्यासनी मोटार लायेल शे त्यासना हौद भरतस." म्हणजे तिच्या नळाला पाणीच येत नाही, मोटार लावलेल्यांचे हौद भरतात. प्रचारात याच मायच्या दारात मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा तिनं फक्त डोक्यावर हात ठेवला होता. तिचं खरं होतं, माझ्या मागे वीस माणसं उभी असताना ती काय बोलणार, त्यात मोटार लावणारे पण होतेच ना.

पाण्याचं जरा सविस्तर लिहिते कारण बाहेरून वाटतं की धरणात पाणी नाही म्हणून नळाला नाही. आमच्याकडच्या गावांचा जीव गिरणा धरणावर आहे, धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात, १९६९ सालचं, आणि त्याच्या पाण्याची वाट बघणारे जास्त आम्ही जळगाव जिल्ह्यातले. उन्हाळ्यात पिण्यासाठी नदीत आवर्तन, म्हणजे धरणातलं पाणी पाळीनं, सोडतात, ते वाळूतून झिरपत झिरपत खाली येतं, आणि जिथे वाळू उपसून उपसून नदीचं नुसतं खडकाळ पात्र उरलंय तिथे विहिरींना पाझरही राहिला नाही. हे आहेच. पण ज्या वर्षी धरण भरतं त्या वर्षीसुद्धा आमच्या शेवटच्या गल्लीत पाणी नसतं, आणि त्याला धरण जबाबदार नाही, आम्ही जबाबदार आहोत.

होतं काय, टाकी भरते, व्हॉल्व्हमन व्हॉल्व्ह फिरवतो, एका भागाला पाऊण तास पाणी. पाणी सुटलं की पहिल्या घरापासून टिल्लू पंप सुरू होतात. नळाला डायरेक्ट मोटार. ती मोटार पाईपातलं पाणी ओढून घेते, मग पुढच्या घराला प्रेशर नाही म्हणून तोही मोटार लावतो, त्याच्या पुढचाही लावतो, आणि ज्याच्याकडे मोटारीचे पैसे नाहीत किंवा जो शेवटी राहतो त्याच्या नळातून नुसती हवा येते. एवढ्यावर थांबत नाही. आमच्याकडे जुनी पाईपलाईन कितीतरी ठिकाणी गटारीतून गेलीय, जॉईंट गळके आहेत, मोटार ओढायला लागली की पाईपात पोकळी होते आणि गळक्या जॉईंटमधून गटारीचं पाणी आत येतं. पहिली दहा मिनिटं वास येणारं गढूळ पाणी येतं ते यामुळे. मग जुलाब, कावीळ, लहान पोरं सलाईनवर, आणि आम्ही म्हणतो पालिकेनं पाण्यात जंतू मारायची पावडर टाकली नाही. पावडर टाकलेली असते हो, पाणी वाटेत खराब होतं.

हे मला २०१६ च्या टर्ममध्ये पण माहीत होतं. खरं सांगते, माहीत असून मी बोलले नाही, कारण मोटार लावणारी घरं जास्त आहेत आणि ती मतं आहेत. या वेळेस त्या अठरा दिवसांत मी व्हॉल्व्हमनबरोबर पहाटे पाच वाजता फिरले, कोणत्या गल्लीत पाणी सुटल्यावर किती वेळात प्रेशर पडतं ते वहीत लिहिलं. त्या माणसाला कोणी विचारतच नव्हतं, त्याला गावातली प्रत्येक पाईप पाठ आहे, कुठे जॉईंट गळतो, कुठे कोणी रात्रीतून दोन नंबरचं कनेक्शन घेतलंय, सगळं. इंजिनिअरच्या नकाशात जे नाही ते त्याच्या डोक्यात आहे, आणि तो रिटायर झाला की ते सगळं त्याच्याबरोबर जाणार.

निकाल लागल्यावर पहिल्याच सभेत मी हा विषय मांडला की पाणी सोडायच्या वेळेला त्या भागातली लाईट पाऊण तास बंद ठेवा, दुसऱ्या काही गावांमध्ये वीज कंपनीला सांगून असं करतात. सभागृहात शांतता. माझ्याच पक्षाच्या गटातून मला चिठ्ठी आली की विषय मागे घ्या, हे आपले लोक आहेत, झेडपीच्या निवडणुका डोक्यावर आहेत, आता लोकांना दुखवायचं नाही. मी मागे घेतला नाही. खूप बोलणं झालं, शेवटी दोन गल्ल्यांमध्ये ट्रायल करू असं ठरलं. ट्रायलच्या पहिल्या दिवशी शेवटच्या गल्लीत नळाला करंगळीएवढी धार आली, तेवढीच, पण बायकांनी हंडे भरले, ती माय सारखी नळाला हात लावून बघत होती. आणि त्याच दिवशी मला शिव्या पण बसल्या, एका घरात वरच्या मजल्यावर आजारी माणूस झोपून आहे, मोटारीशिवाय वर पाणी चढत नाही, त्यांचं म्हणणं पण खोटं नाही. त्यांच्यासाठी आता खालीच हौद करून तिथून वर चढवायचं बघतोय, म्हणजे मोटार हौदाला लागेल, नळाला नाही. असं एक एक घर बघून करावं लागतं, भाषणात हे मावत नाही, पण काम हेच आहे.

संपादक साहेब, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरचे मांडे होतात, आणि ज्या घरात पाणी येत नाही त्या घरातली आई लेकीला म्हणते की बाई दोनच दिवस राहा. त्या अठरा दिवसांत हे मला एका आईनं सांगितलं. सांगताना ती रडली नाही, भांडी घासता घासता सहज बोलून गेली. मला रात्री झोप लागली नाही. माझी पण लेक आहे. श्रावणात आमच्या कानबाई देवीच्या रोटांच्या, म्हणजे नैवेद्याच्या, वेळेस अख्खी भाऊबंदकी एका घरात जमते, तेव्हा पण तेच, आधी पाण्याचा टँकर ठरवा आणि मग रोटांचे गहू धुवा.

बाकीचं पण होतं वहीत. नाला साफ करत नाहीत, कचऱ्याच्या गाडीत ओला सुका वेगळा देऊन पुढे सगळा एकातच टाकतात, डंपिंगवर आग लागते आणि धूर शाळेत जातो, डुकरं, कुत्री, बंद पथदिवे, घरकुलाचा हप्ता अडकलाय. यातलं बरंचसं बोललं की होतं, पाठपुरावा लागतो एवढंच, त्यावर जास्त लिहीत नाही. मुलींच्या शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तीन दिवे मात्र सांगते, ते कितीतरी महिने बंद होते आणि कोणी तक्रारच केली नव्हती, कारण संध्याकाळी क्लासवरून येणाऱ्या मुलींना कोणी विचारलंच नव्हतं, त्यांना मत नाही ना. मला एका नववीतल्या पोरीनं सांगितलं, आईच्या मागे उभी राहून, हळूच. ते दिवे लागलेत आता.

एक गोष्ट बायकांची. २०११ पासून आपल्याकडे पालिकांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. पण प्रचाराच्या बॅनरवर माझ्यापेक्षा माझ्या मिस्टरांचा फोटो मोठा होता, मी छापायच्या आधी बघितला नाही ही माझी चूक. लोक अजूनही फोन त्यांनाच करतात. दारात येतात आणि मला विचारतात, वहिनी, भाऊ आहेत का घरी, पाईपलाईनचं काम होतं. मी म्हणते बसा, पाईपलाईनचं माझ्याकडेच आहे. माझे मिस्टर चांगले आहेत, ते स्वतः म्हणतात तिला सांगा, पण पक्षाच्या मीटिंगचा निरोप त्यांनाच येतो, उमेदवारी ठरवायला तेच जातात, आणि बायकांनी फक्त हळदीकुंकू आणि औक्षण करायचं. गावात पाणी भरतं कोण? बाई. नळाशी पहाटे उभी कोण? बाई. मग पाण्याचं बोलायला तिच्या नवऱ्याला का बोलवता? पक्षांनी हे एवढं एक जरी केलं, की ज्या बाईला तिकीट दिलंय तिलाच मीटिंगला बोलवायचं आणि तिच्याशीच बोलायचं, तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि पैशाचं पण लिहिते, लपवून उपयोग नाही. आमच्या क वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान वर्गातल्या, पालिकेत सदस्याला खर्चाची मर्यादा २ लाख ५० हजार होती. मी माझा हिशोब दिलाय, तो खरा दिलाय. पण आदल्या रात्री गल्लीगल्लीत पाकिटं फिरली हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी वाटली नाहीत. माझ्या नावानं दुसऱ्या कोणी वाटली का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि ते मला सलतं. त्या अठरा दिवसांत एका घरातली ताई मला म्हणाली, आम्ही सगळ्यांचे घेतले, त्याच्यातून गॅसची टाकी आणली. मी तिला काय बोलणार? तिच्या नवऱ्याची जिनिंगमधली मजुरी बंद होती. ज्यानं दिले त्याला विचारा. तो पुढची पाच वर्ष त्या घरी जाणार नाही, कारण त्याचा व्यवहार संपला. तिथे गटारीचं बोलायचा हक्कच राहत नाही, तो म्हणतो तुला दिलेत ना. लोकांना पण हे कळतं, तोंडावर बोलत नाहीत एवढंच.

वरचे नेते प्रचारात अजून एक बोलतात ते मला फार लागतं, की तिजोरी आमच्याकडे आहे, आम्हाला मत दिलं तर निधी, नाही तर नाही. आमच्या गावात पण असं बोललं गेलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात आमच्यासारख्या शहरांसाठी ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता, तो कोणाच्या खिशातला नव्हता, तो नियमानं यायचा. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती झाली, बाराव्या परिशिष्टात शहरांसाठी १८ विषय लिहिले, त्यात पाणीपुरवठा आहे. म्हणजे पाणी हा आमच्या गावाचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. मी माझ्या पक्षाच्या बैठकीत पण हे बोलले आणि परत बोलेन. ज्या गल्लीनं मला मत दिलं नाही त्या गल्लीत पण मी व्हॉल्व्ह बघायला जाते, आणि त्याच्यावरून माझ्याच बूथवरची पोरं रुसतात. त्यांची समजूत काढावी लागते, पोरं मनानं चांगली आहेत, त्यांना तसंच शिकवलंय की आपले आणि त्यांचे.

त्या काकांनी लिहिलं की नगरसेवक दिसत नाहीत. काका, मधली जवळपास चार वर्ष नगरसेवक नव्हतेच. प्रशासक होते. काही कामं त्या काळात चांगली पण झाली, पण नाही झालं तर विचारायचं कोणाला? लोक माझ्याकडे यायचे, मी माजी, मी पालिकेत जायचे तर मला सांगायचे की तुम्ही आता कोण. सभाच नाही तर बोलणार कुठे. बजेट बंद दाराआड व्हायचं. आम्ही तेव्हा मोठ्यानं ओरडायला पाहिजे होतं, कोणताच पक्ष ओरडला नाही, कारण सगळ्यांना आपापली गणितं जुळवायची होती. हे मी स्वतःला पण धरून म्हणतेय.

आमच्या खान्देशात प्रचार म्हणजे पायी चालणं होतं कधीकाळी. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, साने गुरुजी त्याच्यासाठी गावोगाव फिरले, माझे आजोबा त्या आठवणी सांगायचे की माणसं भाकरी बांधून आली होती. पक्ष कोणताही असो, त्या वेळच्या माणसांना दुसऱ्याच्या ओट्यावर बसायला वेळ होता. आमच्याकडे एका घराला दीड मिनिट होतं.

म्हणून माझी पक्षवाल्यांना, माझ्या आणि बाकीच्या सगळ्यांच्या, एक मागणी आहे. झेडपीच्या निवडणुका लागतील तेव्हा लागतील. आत्ता, जेव्हा कोणाला मत मागायचं नाहीये, तेव्हा आपापल्या निवडून आलेल्या आणि पडलेल्या पण उमेदवारांना एकेकट्यानं त्यांच्या प्रभागात पाठवा. पडलेल्यांना तर नक्की पाठवा, कारण त्यांना लोक अजून जास्त खरं सांगतील. बरोबर पोरं नकोत, फोटो नकोत, बॅनर नको. त्यानं जे ऐकलं ते पुढच्या जाहीरनाम्यात त्या प्रभागाच्या नावानं छापा. मुंबईत ठरलेला एकच जाहीरनामा जिल्हाभर वाटू नका, आमच्या शेवटच्या गल्लीला त्याच्यातलं काहीच लागू होत नाही.

आणि तुमच्याकडे पण मागणं आहे साहेब. तुमच्या पेपरात नेत्यांच्या दौऱ्याला पाव पान जातं. जिल्ह्यातल्या पालिकांच्या सर्वसाधारण सभा होतात, तिथे तुमचा वार्ताहर येतो, चहा घेतो आणि राडा झाला तरच बातमी होते. कोणता विषय आला, कोण बाजूनं बोललं, कोण विरोधात गेलं, कोण गैरहजर होतं, हे नावानिशी छापा. माझं पण छापा. मी गैरहजर असले तर गैरहजर लिहा. प्रत्येक गावाच्या पानावर त्या आठवड्याचं पाण्याचं वेळापत्रक टाका, कोणत्या गल्लीत कधी, आणि पाणी आलं नाही तर लोकांनी तुम्हाला कळवावं असा एक नंबर द्या. पत्र लिहिणाऱ्या काकांचा पत्ता मला नको, पण त्यांना माझा निरोप सांगा की दर रविवारी सकाळी नऊला मी आमच्या प्रभागातल्या मारुतीच्या पारावर बसते, वही घेऊन, त्यांनी यावं. त्यांची गल्ली माझ्या प्रभागात नसली तरी यावं, मी त्यांच्या नगरसेवकाला घेऊन त्यांच्या गटारीशी उभी राहीन.

ट्रायलच्या दोन गल्ल्यांमध्ये परवा सकाळी सहाला पाणी सुटणार आहे. ते झालं की तिसरी गल्ली जोडायची आहे, तिथला एक जॉईंट फार गळतो, तो आधी बदलायला सांगितलाय आणि सामान अजून आलेलं नाही. उद्या सकाळी पालिकेत जाऊन बसणार आहे.

आपली,
एक नगरसेविका, जळगाव जिल्हा
(पत्र छापताना नाव देऊ नये ही विनंती)